खिळ्यावरचा नमुना

६ मार्च, बुधवार. हवा: भिंतींना घाम.

चार दिवस झाले, शेन्झेनमध्ये दरवर्षीची ती दक्षिणेची ओल आली आहे. फरशी पुसली की पाच मिनिटांत पुन्हा ओली. कपाटातून बूट काढले तर त्यांवर हिरवी लव, आणि ती पुसताना बोटांना लागली. हात तीनदा साबणाने धुतला तरी कुबट वास गेला नाही. च्वांग शेठच्या चहाच्या टेबलापाशी ओल शोषणारी दोन यंत्रं दिवसभर घरघरत असतात. आमच्या बाकांपाशी एकही नाही. सर्किट बोर्डांना ओल लागत नाही, शेठना लागते.

नवं काम औषधाच्या घड्याळाचं आहे. म्हाताऱ्यांसाठी गोळ्यांची डबी, वेळ झाली की वाजते. चालते भिंतीतल्या विजेवर. वीज गेली तर आतला बटण-सेल वेळ धरून ठेवतो. हा सेल चार्ज करायचा नसतो. भिंतीची वीज उलटी त्याच्यात शिरली तर तो फुगतो, गळतो, कधी फुटतोही. म्हणून त्याच्या वाटेवर मी दोन राखणदार बसवले आहेत. पहिला डायोड, तो विजेला एकाच दिशेने जाऊ देतो. दुसरा रेझिस्टन्स, डायोड मेला तरी वीज याच्यातून थेंबाथेंबानेच जाईल.

"एक असताना दुसरा कशाला, थान ताई?" लुओने विचारलं. हा आमची खरेदी बघतो. माझ्याच हुनान प्रांताचा आहे आणि त्याची मला लाज वाटते. दिवसभर सुपारी चघळतो, बोलताना लाल चोथा दिसतो.

"एक झोपला तर दुसरा जागा असावा म्हणून," मी म्हटलं. तो हसला. मी दुसरीकडे बघितलं.

दुपारी साडेबाराला दिवे बंद झाले, सगळ्यांनी घडीच्या खाटा उघडल्या आणि घोरणं सुरू झालं. मी दिव्याखाली सेलमधून किती वीज जाते ते मोजत बसले. मीटर ओलसर, आकडा ठरेना. शेवटी दोन्ही राखणदारांच्या डोक्यावरून एक पिवळी तार टाकली, तेव्हा कुठे आकडा स्थिर झाला. तार टाकताना टोकाला गळासारखा बाक द्यायची माझी जुनी सवय आहे. सोल्डरचा टाका कितीही ओढा, निघत नाही. तेवढ्यात शेठचा निरोप आला: गिऱ्हाईक चहाला बसलंय, त्यांची तीनची गाडी आहे, नमुना आत्ताच्या आत्ता सही करून आणा.

नमुना पारदर्शक पिशवीत घातला, तोंड चिकटवलं, सही, तारीख, लाल शिक्का. गिऱ्हाईक बाई सूर्यफुलाच्या बिया फोडत होत्या आणि टरफलं जिभेने ढकलून थेट टेबलावर पाडत होत्या. एक ओलं टरफल माझ्या पिशवीवर पडलं. ते मी नखाने उडवलं. आता पिशवी जुळणीच्या लाइनवरच्या खिळ्याला लटकते आहे. आमच्याकडे सर्किटचा नकाशा कुणी वाचत नाही. खिळ्यावर जे लटकतं त्याच्यासारखं हुबेहूब करायचं, एवढाच कायदा.

११ मार्च, सोमवार. हवा: तीच.

लुओने आज "एक चांगला माल दाखवतो" म्हणून नाल्यापलीकडच्या गल्लीत नेलं. पत्र्याची शेड. आत भंगारातले बोर्ड ढिगाने, आणि बायका त्यांतून जुने सेल उपटून काढतात. चिकट सेल कापडाने पुसायचे, नवं आवरण चढवायचं, ताटांत रांगेने मांडायचे. वर पंखाही नव्हता. गळलेल्या सेलचा तो गोडसर वास, नेलपॉलिशसारखा, नाकात शिरला तो अजून तिथेच आहे. एका बाईने पुसायचं फडकं दातांत धरलं होतं.

"अगदी नव्यासारखे," लुओ म्हणाला.

"तुझ्या आईच्या डबीत घालशील?"

"माझी आई गोळ्या घेत नाही." आणि वर हसला.

मी नाक दाबूनच बाहेर आले. शेठना सांगितलं, सेल नव्या खोक्यातलेच, नाहीतर माझी सही विसरा. शेठ हो म्हणाले. माझ्या सहीला अजून तेवढी किंमत आहे. लुओवर मात्र आता डोळा ठेवायला हवा. असा माणूस काहीही करेल.

१४ मार्च, गुरुवार. हवा: ढगाळ, ओल थोडी कमी.

लाइन सुरू झाली. मुकादम चुनलान आहे. नऊ वर्षांपूर्वी ग्वांग्शीच्या डोंगरातून आली तेव्हा तिला सोल्डर गन कुठे धरायची तेही ठाऊक नव्हतं. मी शिकवलं, म्हणून सगळे मला ताई म्हणतात आणि ती एकटी बाई म्हणते. रोज दुपारी माझी खाट तीच उघडते, तीच मिटते, उशी अभ्रा ओढून नीट ठेवते. मी नको म्हणत नाही. मीही माझ्या उस्तादांची सायकल पाच वर्षं पुसली आहे.

आज ती माझ्या बाकापाशी आली.

"बाई, नमुन्यावर आहे अगदी तसंच करायचं ना?"

"मग काय उलटं करायचं?"

"नाही, म्हणजे सगळंच? हाताने केलेलंसुद्धा?"

"चुनलान, खिळ्यावर काय लटकतंय? आणि त्यावर सही कुणाची आहे?"

"तुमची."

"मग झालं तर."

गेली. तासाभराने परत. "बाई, एकदा पिशवी खाली काढून बघता का?" माझ्या हातात तेव्हा लुओने आणलेलं सोल्डर होतं, वितळताच काळं पडणारं आणि जळक्या केसांसारखा वास येणारं. डोकं आधीच उठलं होतं. "मी केलेला नमुना मलाच दाखवणार का आता?" असं म्हटलं. जरा चढ्या आवाजात म्हटलं असेन, कारण लाइनवरच्या तिघीचौघींनी माना वर केल्या. चुनलानचे कान लाल झाले. काहीतरी पुटपुटली आणि गेली.

मुकादम झाल्यापासून तिला प्रत्येक गोष्टीवर माझी मान डोलावून हवी असते. स्वतःच्या डोक्याने काम करायचं म्हटलं की यांच्या अंगावर काटा येतो. मला त्याचा वीट आला आहे.

२ एप्रिल, मंगळवार. हवा: ऊन, एकदाचं.

चौदाशे डब्या गेल्या. चाचणी इतकी सुरेख की माझाच विश्वास बसेना: वीज काढली, दोन दिवसांनी लावली, एकाही डबीची वेळ चुकली नाही. मी अपेक्षा केली होती त्याहून सेल दमदार निघाले. बोर्ड बघायला मी आता लाइनवर जात नाही. बोर्ड बघणं मुकादमाचं काम, मी आकडे बघते. आकडे खोटं बोलत नाहीत, माणसं बोलतात.

शेठनी सगळ्यांना कलिंगड कापलं. लुओने त्याच सुरीने पार्सलं उघडली होती. मी खाल्लं नाही.

५ एप्रिल.

छिंगमिंग, पितरांचा दिवस. सगळे गावी थडगी झाडायला गेले. मी नाही गेले. भाऊ आईच्या थडग्यावर फटाके वाजवतो आणि नंतर तिथेच बसून बियर पितो. ते बघवत नाही.

२३ एप्रिल, मंगळवार. हवा: उकाडा.

गिऱ्हाईकाकडून पार्सल आलं. आत पाच डब्या. खोकं उघडताच तोच वास. शेडमधला, गोडसर.

चार डब्यांत सेल फुगून झाकण वर आलेलं. पाचव्यात सेलची कड उसवलेली आणि तपकिरी चिकट घाण गोळ्यांच्या खणात उतरलेली. सोबत कागद होता. एका वृद्धाश्रमातल्या आजोबांनी त्या खणातली गोळी उचलून तोंडात टाकली. लगेच थुंकली म्हणून वाचले, पण ओठ आणि जिभेचं टोक सोललं. ते शहाऐंशी वर्षांचे आहेत. तीन दिवस पातळ भातच खाता येतो आहे, असं लिहिलंय.

चिमट्याने बोर्ड बाहेर काढला. डायोड जागेवर, रेझिस्टन्स जागेवर, आणि दोघांच्या डोक्यावरून एक पिवळी तार. पाचही बोर्डांवर. म्हणजे भिंतीची सगळी वीज तीन आठवडे सरळ सेलच्या पोटात. राखणदार बसलेत आणि चोर त्यांच्या डोक्यावरून ये-जा करतोय.

कुणीतरी मुद्दाम हाताने टाकली आहे. एक नाही, चौदाशे वेळा. आणि सगळ्यात शिसारी कशाची आली तर तारेची टोकं गळासारखी वाकवलेली होती. माझी पद्धत. मी शिकवलेली. म्हणजे हे लुओचं काम नाही, ज्या हातांना मी शिकवलं त्यांचं आहे. मोजताना मी तार टाकते ते चुनलानने पाहिलं असणार. तार असली की चाचणी झटपट पार पडते हे तिच्या लक्षात आलं असणार, आणि मग कामाचा उरक दाखवायला सगळ्यांवर ठोकली असणार. मी तार टाकते ती काढते. तीस वर्षांत एकदाही राहिलेली नाही.

सगळ्या डब्या आजच भिंतीतून काढायला सांगितल्या आहेत. माल परत येतोय.

२४ एप्रिल, बुधवार. हवा: उकाडा.

आज चहाच्या टेबलापाशी सगळं झालं. शेठ, गिऱ्हाईक बाई, लुओ, मी, आणि चुनलान उभी. शेठ उकळत्या चहाने वाट्या धूत होते. इतक्या गोष्टी घाण झालेल्या असताना वाट्या मात्र स्वच्छ.

मी बोर्ड टेबलावर ठेवला. "ही तार कुणाची?"

चुनलानने बोर्डाकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं. "बाई, नमुना एकदा खाली..." एवढं बोलली आणि थांबली. गिऱ्हाईक बाईंकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. मग खाली मान घालून म्हणाली, "चूक माझी आहे."

"पाहिलंत?" मी म्हटलं.

शेठनी चुनलानकडे बघितलं, मग का कोण जाणे, माझ्याकडे. मग म्हणाले, "कबूल केलं, संपलं. उद्या हिशेब करून जा." लुओसुद्धा आज हसला नाही. सुपारी गालात तशीच धरून बसला होता आणि माझ्याकडे असा बघत होता, जणू मीच काही सांडलं आहे.

शेठनी माझ्या वाटीत चहा ओतला. आभाराची दोन बोटं मी टेबलावर टेकवली आणि प्यायले. कडू लागला.

नऊ वर्षं. रडली असती तर एक वेळ दया आली असती. पण नुसतं "चूक माझी आहे," तेही इतक्या थंडपणे. मला तिची किळस आली हे लिहून ठेवते, उद्या मऊ पडायला नको.

२६ एप्रिल, शुक्रवार.

चुनलान काल सामान घेऊन गेली. जाण्याआधी दुपारी माझी खाट मिटून, उशी नीट करून गेली म्हणे. ही नाटकं कशाला?

परत आलेल्या डब्यांच्या तारा काढायच्या म्हणून ताडून बघायला नमुना हवा होता. खिळा मोकळा. पिशवी नाही. अर्थातच. स्वतःच्या बोर्डांशेजारी माझा नमुना ठेवला की फरक दिसला असता, म्हणून घेऊन गेली. चोर तर चोर, वर पुरावाही नेणार.

३० एप्रिल, मंगळवार.

दिवसभर तारा उपटतो आहोत. फुगलेले सेल बादलीत. बादलीवर झाकण ठेवलं तरी वास येतो.

दुपारी झोप नाही. उशी टोचते. आत भरलेली कुट्टूची टरफलं जुनी झाली की अशी कडक होतात, बदलायला हवीत.

५ मे, रविवार. हवा: सरी.

आमच्या भागातल्या कारखान्यांचा फोनवर एक ग्रुप आहे, शेठ आणि मुकादम मंडळींचा. शेठनी त्यात चुनलानचा फोटो टाकून लिहिलं: कामात लबाडी केली, गिऱ्हाईकाच्या म्हाताऱ्याला इजा झाली, हिला ठेवताना विचार करा. खाली सत्तावीस जणांनी पसंतीचे अंगठे दाखवले.

मीही दाखवला. दाखवताना अंगठ्याखाली काच चिकट लागली, कुणीतरी माझा फोन खरकट्या हातांनी घेतला असणार.

लुओ जाता जाता म्हणाला, "थान ताई, तुमची मोजायची पिवळी तार संपली असेल ना? नवीन आणू?"

"आण," म्हटलं. एवढं हसण्यासारखं त्यात काय होतं, कळलं नाही. आणि तो हसलाही नव्हता खरं तर.

१६ मे, गुरुवार. हवा: कडक ऊन.

सकाळी ऊन बघून उशी धुवायला काढली. अभ्र्याला काळे ठिपके पडलेत, कुबट वास येतो. एका कडेची शिवण नव्या दोऱ्याची होती, ती उसवली, टरफलं वर्तमानपत्रावर ओतली. त्यांत पिशवी होती.

प्लास्टिकची पिशवी, चिकटवलेलं तोंड न उघडलेलं. थान मेइफेन, सहा मार्च, लाल शिक्का. आत बोर्ड. बोर्डावर दोन राखणदार आणि त्यांच्या डोक्यावरून पिवळी तार. दोन्ही टोकांना गळ.

आधी वाटलं की हे तिने नंतर केलं असेल. पण शिक्का अर्धा पिशवीवर, अर्धा चिकटपट्टीवर, कुठेही तुटलेला नाही. मी स्वतः मारलेला. त्याच्या कडेला तेलकट डाग होता, बीचं ओलं टरफल पडलं होतं तिथे.

मग ही वही मागे उलटली. सहा मार्चचं पान. "तार टाकली." तार काढली असं कुठेच लिहिलेलं नाही. चौदा मार्चचं पान. "हाताने केलेलंसुद्धा?" माझ्याच अक्षरात. ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही आणि मीही वाचलेली नव्हती.

तीन आठवडे मी रोज दुपारी त्या पिशवीवर डोकं ठेवून झोपले. टोचते म्हणून टरफलांना दोष दिला.

बटणाएवढ्या सेलला मी दोन राखणदार दिले, एक झोपला तर दुसरा जागा असावा म्हणून. माझ्या हाताला एकच होता, आणि त्याला मी लाइनसमोर गप्प बसवलं. मग त्याला हाकलायला अंगठा दाखवला. या दोन महिन्यांत ज्याची ज्याची किळस आली ते सगळं मी इथे लिहिलंय: बुरशी, चोथा, टरफलं, शेड. आता आरशातलं तोंड लिहायचं राहिलं होतं. आज दिवसभर पाणी प्यायलं तरी तोंडाची कडवट चव जात नाही.

१७ मे, शुक्रवार.

पिशवी घेऊन शेठच्या टेबलापाशी गेले. समोर ठेवली. त्यांनी उचलून बघितलीसुद्धा नाही.

"कुठे सापडली?"

"तुम्हाला ठाऊक होतं."

"खिळ्यावर लटकत होती, ताई. माझेही डोळे आहेत." ते वाटी धूत होते. "पण गिऱ्हाईक तुमच्या सहीसाठी येतं. मुकादम काय, ग्वांग्शीची गाडी रोज भरून येते. पोरीला ते तुमच्याआधी कळलं. शहाणी आहे. आता मिटलंय तर मिटू द्या."

"तिला या भागात कुणी काम देत नाही."

"म्हणून काय तुम्ही आपल्या तोंडाला काळं फासून घेणार? या वयात?" त्यांनी माझ्यासमोर वाटी ठेवली, चहा ओतला. पिशवी बोटाने कचऱ्याच्या डब्याकडे सरकवली. "प्या. थंड होईल."

मी टेबलावर बोटं टेकवली नाहीत. वाटी तशीच ठेवली आणि पिशवी उचलली.

बाकापाशी येऊन पिशवीचा फोटो काढला, सही आणि शिक्का स्पष्ट दिसेल असा. ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: औषधाच्या घड्याळावरची तार माझी. सहा मार्चला मोजायला टाकली, काढायची विसरले, त्यावर सही केली. लाइनने माझा नमुना बघून तसंच केलं. वेई चुनलानने मला आधी विचारलं होतं, मी ऐकलं नाही. तिची चूक नाही. थान मेइफेन.

गिऱ्हाईक बाईंनाही तेच पाठवलं. त्या आजोबांचा पत्ता मागितला.

ग्रुपवर कुणी अंगठा दाखवला नाही. दहा मिनिटांनी शेठनी मला ग्रुपमधून काढलं. आणखी दहा मिनिटांनी लुओ माझ्या बाकापाशी आला, माझं मीटर खोक्यात भरून दिलं आणि खोकं दारापर्यंत उचलून आणलं.

"ती कुठे आहे माहीत आहे?" मी विचारलं.

"तुम्हाला वास आवडत नाही तिथे," लुओ म्हणाला. यावेळी चोथा दिसला नाही. किंवा मी बघितला नाही.

१९ मे, रविवार. हवा: उकाडा, वारा नाही.

नाल्यापलीकडची शेड. चुनलान बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसली होती, भंगारातले सेल पुसत. बोटं तपकिरी झालेली. मला बघून उठली.

"बाई, जेवलात?"

मी मान हलवली. नकळत माझा हात नाकाशी गेला होता. तिने बघितलं, मी खाली घेतला. शेजारच्या बाईने आपलं स्टूल माझ्याकडे सरकवलं. त्यावर काहीतरी चिकट होतं. बसले.

"ग्रुपवरचं वाचलंस?"

"मला कधीच काढलंय ग्रुपमधून. पण दाखवलं कुणीतरी."

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"तीनदा सांगितलं, बाई." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"चौथ्यांदा सांगायचंस."

"चौथ्यांदा गिऱ्हाईकासमोर तुमचं नाव घ्यावं लागलं असतं." तिने हातातला सेल ताटात ठेवला. "आणि आधी मला वाटलं, बाईंनी काहीतरी विचार करून टाकली असेल. बाई विसरत नाहीत."

मी अंगठ्याचं सांगितलं, ग्रुपवर मीही दाखवला होता म्हणून. ती म्हणाली, माहीत आहे. मग माफी मागितली. तीस वर्षांत कुणाची मागितली नव्हती, त्यामुळे ती धड आलीही नाही. मधेच त्या वासाने खोकला आला. तिने पाण्याची बाटली दिली. तोंड लावून प्यायले.

इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात पहिल्या मजल्यावर मी एक बाक घेतला आहे, ते सांगितलं. दुरुस्तीची कामं, जमलं तर लहान नकाशे. तिथेही एक खिळा ठोकीन. दोन सह्या झाल्याशिवाय त्यावर काही लटकणार नाही, दुसरी तुझी.

"विचार करते," चुनलान म्हणाली. लगेच हो म्हणाली नाही, हे मला ठीक वाटलं. मग म्हणाली, "पिशवी आणली आहे का? आधी ती तार काढा. मला बघवत नाही ती."

तिथली सोल्डर गन घेतली. पिशवी फाडली, शिक्का मधोमध तुटला. उजेड कमी होता. दोन्ही टोकं तापवली, चिमट्याने ओढली. तार निघाली. मी बोर्ड तिच्यापुढे धरला.

चुनलानने तो हातात घेतला, उजेडाकडे तिरका केला, जवळ नेला.

"डाव्या बाजूचा गळ आत राहिलाय, बाई."

चष्मा पुसून बघितलं. राहिला होता.